गाडी बदलावी काय?

अलीकडे आमच्याकडे सल्ला विचारण्यास येणाऱ्या मंडळींच्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलीचे स्थळ, बांधाचा तंटा, मुलास आखातात पाठवावे की नाही, हे प्रश्न पूर्वापार चालत आलेले आहेत. त्यांच्या जोडीस आता, "फादर, पिकअप जुनी झाली, बदलावी म्हणतो, तुम्हांला काय वाटतं?" हा प्रश्न येऊन बसला आहे. देवळाच्या माणसास इंजिनातले काय कळते, असे कोणी म्हटल्यास आम्ही रागावणार नाही. परंतु ह्या एका प्रश्नापायी आईच्या हातांतल्या पाटल्या बँकेच्या तिजोरीत जातात, जमिनीचा उतारा कर्जाच्या कागदांस जोडला जातो, आणि दोघे सख्खे भाऊ एका पंक्तीस बसेनासे होतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून ह्या खेपेस ह्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजले आहे.

बेळगाव, खानापूर आणि सीमेपलीकडचा चंदगड ह्या टापूतील शेतकऱ्यास पिकअप ही चैनीची वस्तू नव्हे. गोव्यातील स्वयंपाकघरांत जो भाजीपाला शिजतो त्याचा मोठा वाटा बेळगावच्या बाजूने घाट उतरून जातो. संध्याकाळी कोबी, फ्लॉवर, बटाटा, रताळी, ओली मिरची हौद्यात भरावी, रात्री चोर्ल्याचा वा अनमोडचा घाट उतरावा, आणि उजाडण्यापूर्वी म्हापसा, पणजी अथवा मडगाव गाठावे, हा अनेक घरांचा नित्यक्रम आहे. परतताना कोणी नारळ आणतो, कोणी मासळी. अशा गाडीचा प्रश्न हा त्या घराच्या भाकरीचाच प्रश्न होय.

प्रथम काही अफवांचा समाचार घेतला पाहिजे. कारण पुष्कळ लोक गाडी बदलतात ती गरजेने नव्हे, तर भीतीने. "दहा वर्षांची डिझेल गाडी सरकार जप्त करते" असे बाजाराच्या दिवशी हटकून ऐकू येते. हा निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली व तिच्या लगतच्या प्रदेशापुरता घातला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. बेळगावच्या गाडीचा त्याच्याशी संबंध नाही. २०२१ साली जाहीर झालेले गाड्या मोडीत काढण्याचे धोरणही खाजगी मालकावर वर्षांची सक्ती करीत नाही. पंधरा वर्षांची सक्ती आहे ती सरकारी गाड्यांवर, १ एप्रिल २०२३ पासून. तुमची मालवाहू गाडी पासिंगमध्ये उतरली की ती चालते. पहिली आठ वर्षे हे पासिंग दोन वर्षांनी एकदा होते, त्यानंतर दरवर्षी. गाडी जसजशी जुनी होते तसतसे पासिंगचे शुल्क मात्र चढत जाते, आणि पंधरा वर्षे उलटल्यावर ते चांगलेच जाणवते. तितका खर्च जमेस धरावा. पण त्यापायी घाबरून कर्ज काढण्याचे कारण नाही. तसेच, "हलक्या गाडीच्या लायसन्सवर मालवाहू गाडी चालविता येत नाही" असे सांगून पैसे उकळणारे काही जण फिरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की, ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालविता येते. आमच्याकडच्या सर्व पिकअप त्या मर्यादेच्या पुष्कळच आत आहेत.

आता एका घरची हकीकत सांगतो. नावाची आवश्यकता नाही. ज्यांचे घर आहे त्यांनीच लिहिण्यास संमती दिली आहे. गाडी २०१३ सालची. वडील साठीच्या पुढचे. थोरला मुलगा गाडी चालवितो, धाकटा बाजाराचा व्यवहार पाहतो. धाकट्याचे म्हणणे, "बाबा, आळीतल्या तिघांनी नवी घेतली, व्यापारी आता आपल्या गाडीकडं बघून नाक मुरडतात." वडिलांचे म्हणणे, "इंजिनाला अजून हात लावायला लागला नाही. तुला नवं रंगरूप पायजे, काम नको." असे वाद आठवड्यातून तीनदा होत, आणि प्रत्येक वादात जेवण निवून जाई. दोघांपैकी एकाजवळही आकडा नव्हता. आकडा होता तो थोरल्या सुनेजवळ. तिने वर्षभर एका वहीत गाडीची प्रत्येक फेरी, प्रत्येक डिझेलची पावती आणि गॅरेजवाल्यास दिलेला प्रत्येक रुपया टिपून ठेवला होता. कोणी सांगितले म्हणून नव्हे. शाळेत असल्यापासून तिला सवयच तशी. तिने एके रात्री वही आणून सासऱ्यापुढे ठेवली व म्हणाली, "मामा, आधी हे वाचा, मग भांडा."

वहीत निघाले ते असे. वर्षात गोव्याच्या ११२ फेऱ्या झाल्या होत्या. बऱ्या आठ महिन्यांत महिन्यास बारा, पावसाच्या चार महिन्यांत महिन्यास चार. डिझेल, हमाली व वाटखर्च वजा जाता एका फेरीस सरासरी २,००० रुपये सुटत. दुरुस्तीस ९२,००० रुपये लागले होते. त्यात क्लच प्लेट, चार टायर, पाट्यांची मोडलेली पाने आणि एकदा इंजेक्टरचे काम. गाडी गॅरेजात पडून राहिल्याने सहा फेऱ्या बुडाल्या होत्या.

आता नवी गाडी घेतल्यास काय होईल, तो हिशेब आम्ही त्यांच्याबरोबर बसून मांडला. समजा, सर्व खर्चासह गाडी साडेदहा लाखांस दाराशी येते आणि जुनी अडीच लाखांस जाते. (मालवाहू गाड्यांवरील जी. एस. टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणून पूर्वीपेक्षा आकडा थोडा सुसह्य आहे.) उरलेल्या आठ लाखांचे कर्ज घटत्या बाकीवर ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता १७,३९४ रुपये पडतो, वर्षास २,०८,७२८. कर्ज देणारा पूर्ण विम्याचा आग्रह धरणारच. त्याचे जादा १८,००० धरू. एकूण बोजा २,२६,७२८ रुपये.

ह्याच्या समोर बचत मांडू. जाऊन येऊन सुमारे अडीचशे किलोमीटरची फेरी. जुनी गाडी लिटरास ११ किलोमीटर देते, नवी १४ देईल असे धरले व डिझेल ९० रुपये धरले, तर फेरीमागे सुमारे ४४० रुपये वाचतात. ११२ फेऱ्यांचे झाले ४९,२८०. दुरुस्ती ९२,००० ऐवजी २५,००० लागली तर ६७,००० वाचले. बुडालेल्या सहा फेऱ्यांचे १२,००० पदरात पडले. बेरीज १,२८,२८०. बोज्यातून ही बचत वजा करता वर्षास ९८,४४८ रुपये, म्हणजे महिन्यास ८,२०४ रुपये कमी पडतात. पाच वर्षांनी गाडी आपली होते व तिची काही किंमत उरते हे खरे. परंतु त्या किमतीने ह्या महिन्याचा हप्ता फिटत नाही.

ही तूट कशाने भरणार? नव्या गाडीस फेरीमागे २,४४० सुटतात असे धरल्यास, वर्षास चाळीस-एक्केचाळीस जादा फेऱ्या मिळाल्या पाहिजेत. आमच्या मते सारा प्रश्न ह्या चाळीस फेऱ्यांत आहे. गाडी किती वर्षांची झाली, शेजाऱ्याने कोणती घेतली, रंग कोणता, ह्या गोष्टी त्याच्यापुढे गौण होत. ज्याच्या हातात जादा फेऱ्या आहेत, म्हणजे ज्यास म्हापशाचा अथवा मडगावचा व्यापारी "आणखी माल आण" म्हणून फोन करतो आणि गाडी बंद म्हणून ज्यास नकार द्यावा लागतो, त्याने अवश्य नवी गाडी घ्यावी. त्याची जुनी गाडीच त्याला महाग पडत आहे. पण ज्याच्या फेऱ्या गाडीमुळे नव्हे तर मालाअभावी अडल्या आहेत, त्याने नवी गाडी आणली म्हणून शेतात जादा कोबी उगवत नाही.

व्याजाविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण ह्यात शिकलेली मुलेही फसतात. दुकानात सांगतात, "सात टक्के फ्लॅट." ऐकणाऱ्यास वाटते, अकरापेक्षा सात बरे. फ्लॅट व्याज म्हणजे मूळ आठ लाखांवर पाचही वर्षे पूर्ण व्याज. तुम्ही निम्मे कर्ज फेडले तरी व्याज आठ लाखांवरच. त्या दराने हप्ता १८,००० पडतो, म्हणजे अकरा टक्क्यांच्या हप्त्याहून ६०६ रुपये जास्त. घटत्या बाकीच्या भाषेत तो दर सुमारे साडेबारा टक्के होतो. टक्का विचारू नये. हप्ता किती व किती महिने, हे विचारून गुणाकार करावा.

इतका हिशेब झाला तरी एक गोष्ट अशी आहे की जिच्यापुढे वही मिटवून ठेवावी लागते. ती म्हणजे गाडीचा सांगाडा. घाटातला पाऊस, किनाऱ्याची खारी हवा, आणि त्याहून वाईट म्हणजे परतीच्या मासळीचे बर्फाचे खारे पाणी, ही तिन्ही मिळून चेसिस आतून खातात. वरून रंग दिलेला असतो. खाली मागच्या पाट्यांच्या टोकाशी, जेथे पाटे चेसिसला अडकविलेले असतात, तेथे हातोडीने ठोकून पाहिल्यास पापुद्रे गळतात. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. पण त्या जागी भेग गेली असेल अथवा पत्रा बोटाने दबत असेल, तर ठिगळ लावून भरल्या गाडीने चोर्ला उतरणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणे आहे. अशा वेळी चाळीस फेऱ्या असोत वा नसोत, ती गाडी थांबवावी. ब्रेकचेही तसेच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. वर्षानुवर्षे ते बदलले नाही तर लांब उतारावर तापून त्याची वाफ होते आणि पायाखालचे पॅडल एकाएकी पोकळ लागते. हा मात्र थोडक्या पैशांचा उपाय आहे. त्यासाठी गाडी विकण्याची गरज नाही.

नव्या गाडीचे इंजिन जुन्यासारखे नाही, हेही समजून घ्यावे. १ एप्रिल २०२० पासून देशात बी. एस. सहा प्रकारच्याच गाड्या विकल्या जातात. धूर कमी झाला, ही उत्तम गोष्ट. आमच्या म्हाताऱ्यांच्या खोकल्यास ती हवीच होती. परंतु ह्या डिझेल गाड्यांच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते, आणि ती गाळणी साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून काही काळ एका वेगाने, तापून, चालावी लागते. जो रोज घाट करून गोव्यास जातो त्यास अडचण नाही. जो शेतापासून गावच्या बाजारापर्यंत तीन किलोमीटर जाऊन परत येतो, त्याची गाळणी तुंबते व दिवा लागतो, आणि तेव्हा आपल्या नाक्यावरच्या मिस्त्रीचा पाना चालत नाही. संगणक लावणारा माणूस लागतो. काही गाड्यांस युरियाचे पाणीही वेगळे घालावे लागते. थोडक्यात धावणाऱ्याने हे विचारूनच घ्यावे.

मधला मार्ग म्हणजे चार-पाच वर्षांची वापरलेली गाडी. हा मार्ग आम्हांस वाईट वाटत नाही. किंबहुना कमी फेऱ्यांच्या घरास तोच शोभतो. मात्र आमच्या सीमाभागात एक मोह आहे. चंदगड-कोल्हापूरकडची एम. एच. ०९ पाटीची गाडी स्वस्त मिळते, म्हणून लोक ती आणतात आणि तशीच वर्षानुवर्षे चालवितात. त्या गाडीस तिकडच्या कार्यालयाचे ना हरकत पत्र, इकडचा कर आणि के. ए. २२ ची नोंदणी हे सर्व लागते. ते धरून किंमत करावी. मागच्या मालकाचे कर्ज पुस्तकावर अजून चढलेले आहे काय, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत काय, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे.

आणि विकणाऱ्याने? त्याने तर अधिक जपावे. आमच्याकडे कोऱ्या फॉर्मवर सही करून, किल्ली व पुस्तक दलालाच्या हाती देऊन लोक मोकळे होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला आहे की, अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर असेल तोच कायद्याने मालक. गाडी चार हात फिरून कोठे तरी माणूस चिरडते, विमा उतरविलेला नसतो, आणि नुकसानभरपाईची नोटीस येते ती तुमच्या दारी. नाव बदलल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून गाडी विकली असे समजू नये. मोडीतच काढावयाची असेल तर नोंदणीकृत केंद्रातच द्यावी. तेथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. ती किती व कशी मिळते हे आपल्या आर. टी. ओ. कार्यालयात विचारून घ्यावे.

धाकट्या मुलाचा आणखी एक मुद्दा होता. तो म्हणाला, "मोठ्या हौद्याची घेऊ, म्हणजे लग्नाला, जुन्या गोव्याच्या फेस्ताला माणसंही नेता येतील." ह्यावर आम्ही जरा कठोर बोललो, आणि येथेही बोलतो. ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी चालत जाणाऱ्या यात्रेकरूंचे सामान पिकअपने न्यावे. माणसे नेऊ नयेत. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक अथवा त्याचा प्रतिनिधी यांस १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. हौद्यात फुकट बसलेल्या वऱ्हाडास ते नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरविले. म्हणजे फाळका उघडून पाच जण पडले तर त्या पाच घरांचे देणे गाडीवाल्याच्या शेतावर येते. आणि गेलेली माणसे तर कोणत्याही शेताने परत येत नाहीत. हौदा मोठा असला की माल जास्त भरण्याचा मोह होतो तो निराळाच. मर्यादेबाहेर भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड २०,००० रुपये आहे, व जादा टनामागे आणखी २,०००. त्या घरच्या जुन्या गाडीची पाने मोडली तीही वयाने नव्हे, ओझ्यानेच. सुनेच्या वहीत रताळ्यांच्या पोत्यांची संख्या आणि पाने मोडल्याची तारीख एकाच पानावर होती.

त्या घराने शेवटी काय केले? थोरल्याने गाडी खड्ड्यावर घेऊन मिस्त्रीकडून चेसिस ठोकून पाहिली. मागचा एक कंस गंजला होता, तो बदलला; मूळ सांगाडा साबूत निघाला. मासळी आणणे बंद केले. नवी गाडी एक वर्ष लांबणीवर टाकली, आणि आम्ही सुचविल्याप्रमाणे हिशेबात जी तूट निघाली होती तेवढी रक्कम, म्हणजे ८,२०० रुपये, दरमहा निराळ्या खात्यात भरण्याचे ठरले, जणू नव्या गाडीचा बोजा आजच सुरू झाला आहे. वर्षभर हे निभले तर पहिल्या रकमेसाठी जवळजवळ एक लाख हाती येतील व पाटल्या घरातच राहतील. धाकट्यास हे फारसे रुचले नाही. पण म्हापशाच्या आणखी दोन व्यापाऱ्यांस भेटून फेऱ्या वाढविण्याचे काम त्याने अंगावर घेतले आहे. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे पूर्ण भरले गेले. तिसऱ्या महिन्यात पावसाने रस्ता दोनदा अडला, फेऱ्या तीनच झाल्या, आणि सुनेने त्या रकान्यात ५,००० लिहून पुढे बाकी ३,२०० असे लाल शाईने मांडून ठेवले आहे.